कोणाकडून ऐकलं?

'असं म्हणतात' या दोन शब्दांवर निवेदिता मॅडमनी लाल पेनानं अशी फुली मारली होती, की कागद फाटायचाच तेवढा बाकी होता.

"कौन कहते हैं, अबोली? नाव, वय, पारा-मोहल्ला सांग. ज्याचं आहे त्याच्या नावानं लिही, नाहीतर हे प्रकरण काढून टाक."

प्रकरण काढलं की प्रबंध लंगडा, आणि प्रबंध लंगडा की एम. ए. चं वर्ष बोंबललं. अबोलीचा विषय होता रायपुरातल्या भुताखेतांच्या गोष्टी, आणि त्यातला हुकमाचा एक्का म्हणजे ब्राह्मणपाऱ्यातली विहिरीवरची बाई. विहिरीला लोखंडी जाळी ठोकून कितीतरी वर्षं झाली, तरी म्हणे भरदुपारी ओल्या केसांची एक बाई त्या जाळीवर बसलेली दिसते. हे अबोलीनं तीन वेबसाइटींवरून उचललं होतं. नीट पाहिलं तेव्हा कळलं, तिन्ही एकमेकींचं उष्टं खाऊन राहिल्या होत्या. एकीनं विहिरीला तलाव म्हटलं, तर बाकीच्या दोघींचाही तलावच!

मग काय, पोट्टी स्कूटी घेऊन निघाली. भर उन्हात दारोदार एकच प्रश्न, तुम्ही हे कोणाकडून ऐकलं? पानठेल्यावरच्या सुशीलभैयानं काकाचं नाव सांगितलं. काकांनी शेजाऱ्याचं सांगितलं. जो तो दुसऱ्याकडं बोट दाखवे. दुपारी गल्लीत कुत्रंही भुंकत नसे, आणि जाळीजवळून जाताना अबोलीच्या पाठीवरून काहीतरी सरसरत जाई. ती भित्री नव्हती बरं का, पण त्या जागी स्कूटी हळू करायची तिची छाती झाली नाही.

शेवटी ते बोट निरंजन गुरुजींपाशी येऊन थांबलं. म्हातारे गुरुजी हसले.

"आमच्या वर्गातल्या एका पोट्ट्यानं सांगितलं. सगळ्यात पहिले त्यानंच पाहिली तिले. बाब्या देशकर."

अबोलीच्या हातातलं पेन थांबलं. बाब्या देशकर म्हणजे बाबाराव देशकर, तिचे स्वतःचे बाबा. रेल्वेच्या ऑफिसातून रिटायर होऊन चौबे कॉलोनीत शांतपणे पेपर वाचणारे. गोल बाजारात जायचं तरी ते ब्राह्मणपारा टाळून वळसा घेत, आणि पोरीला वाटे, गर्दीचा कंटाळा.

संध्याकाळी तिनं विचारलं तेव्हा बाबारावांनी हातातल्या पेपराची घडी घातली. मग म्हणाले, "माही बहीण होती ते. शारदाताई."

बाबांना बहीण होती, हेच अबोलीला ठाऊक नव्हतं.

"माय गेल्यावर तिनंच वाढवलं मले. एक दिवस विहिरीत गेली. पाय घसरला का काय झालं, मले अजून नाही माहीत. पण लोकायले लगेच माहीत झालं! पोटुशी होती म्हणे, अमक्याच्या नादी लागली होती म्हणे. तेरवी होत नाही तं साऱ्या पाऱ्यात तेच. मग मी वर्गात सांगून टाकलं, विहिरीवर एक बाई बसते, जो वंगाळ बोलन त्याच्या मागं जाते. हप्त्याभरात साऱ्यायचे तोंड बंद. जित्या-मेल्या बाईले लोक नावं ठेवतात बेटा. भुताले हात जोडतात."

अबोलीला रडू आवरेना. तरी तिनं विचारलं, "मी लिहू बाबा? तुमचं नाव, आत्याचं नाव?"

"नको. पुन्हा तोंडं उघडतीन."

पण कागद मात्र त्यांनी मागून घेतले. एकेका ओळीवर बोट ठेवत गेले. ओले केस माहे. भरदुपार माही. मागं जाणं माहं. विहिरीसमोर राहणाऱ्या वनमालाकाकूंनी सांगितलेलं ज्या पानावर होतं, तिथं बोट थांबलं.

"हे मी नाही सांगितलं."

काकूंनी सांगितलं होतं, की बाई जाळीवरून विचारते, 'माहा पोट्टा जेवला का?' भूत आपल्या मेलेल्या लेकराला शोधत असेल, असा अबोलीनं अर्थ लावला होता.

"मले पोट्टा म्हणे ते," बाबाराव म्हणाले. "शाळेतून आलो का चुलीपाशी हेच विचारे. हे मी कोणालेच नाही सांगितलं अबोली. तुह्या मायलेही नाही."

त्या रात्री त्यांनी ताटाला हात लावला नाही. सकाळी चहाही तसाच निवला. दुपारी स्वतःच येऊन स्कूटीवर मागं बसले.

वनमालाकाकू ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. अबोलीनं विचारलं, "काकू, जेवणाचं ते तुम्ही कोणाकडून ऐकलं?"

"ऐकाले मधे कोण लागते व? तिनंच विचारलं. दर दुपारी विचारते." मग त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं. "बाब्या हायेस का रे तू? तू तं पारा सोडून गेला. तू जेवला का उपाशी, मी तिले काय सांगू? मी आपली चूप. म्हणून विचारूनच राहिली ते."

बाबाराव जाळीपाशी गेले. सुशीलभैया पान लावायचं सोडून पाहत राहिला, दोन गिऱ्हाइकं वळली. साऱ्यांच्या देखत त्यांनी जाळीवर हात ठेवला.

"जेवलो, शारदाताई," ते म्हणाले. "जेवलो मी."

काकूंनी मान कलती केली, कोणी बोलतंय ते ऐकावं तशी. मग सुपडं बाजूला सारून त्या उठल्या.

"खोटं बोलून राहिला म्हणते," त्या म्हणाल्या. "कालपासून पोटात काही नाही म्हणते त्याच्या."

अबोलीच्या अंगावर काटा आला. हे तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. काकू आतून वरण-भाताची थाळी घेऊन आल्या, आणि बाबाराव तिथंच जाळीला टेकून, रडत रडत जेवायला लागले. "लिही," घास गिळून ते म्हणाले, "पुरं नाव लिही तिचं." अबोलीनं कागद मांडीवर घेतला आणि 'माहा पोट्टा जेवला का?' या ओळीसमोर लिहिलं: सांगणारी, शारदा देशकर, ब्राह्मणपारा.