सोबतचे आवाज: माहीत नाही

मेम्फिसमध्ये आमच्या वयाच्या कुणालाही क्लिओथा मार्बरीचं नाव सांगा, लगेच मान डोलवायला लागतील. तिच्या मागे गाणाऱ्या दोघी कोण होत्या, असं विचारा, की सगळे गप्प. त्या दोघी म्हणजे मी, व्हर्लीन टगल, आणि माझी धाकटी बहीण ओझेला. सहासष्ट ते एकाहत्तर, बावीस गाणी. एकाही रेकॉर्डवर आमचं नाव नाही.

तेव्हा त्याचं काही वाटायचं नाही, खरं सांगते. स्टुडिओ म्हणजे बंद पडलेलं फर्निचरचं दुकान. क्लिओथा आत, वादकांच्या मधोमध. आम्हा दोघींना संडासाकडे जाणाऱ्या बोळात उभं करायचे, कारण तिथे फरशी होती आणि आवाज छान घुमायचा. दार जरासं उघडं. त्या फटीतून क्लिओथाची पाठ दिसायची. तिचे खांदे वर गेले, की आम्ही सूर लावायचा. सगळं एका दमात व्हायचं, आणि गाणं संपेपर्यंत कुणी कितीही तुंबलेलं असलं तरी त्या बोळात पाऊल टाकायची सोय नव्हती. टेपच्या खोक्यावर मालक पेन्सिलीने लिहायचे, 'मुली, दोन'. त्यांनाही आमची नावं लागायची नाहीत, हाक मारायची तर ते टाळी वाजवायचे.

गेल्या वर्षी शिकागोहून नील हॅन्सकम नावाचा एक माणूस आला. पन्नाशीचा, दाढीवाला, जुन्या रेकॉर्डींचं वेड डोक्यात भिनलेला. क्लिओथाची सगळी गाणी एकत्र करून दोन रेकॉर्डींचा अल्बम काढायचं त्याने मनावर घेतलं होतं. गाणी जुन्या कंपनीच्या मालकाच्या वारसांची, त्यामुळे क्लिओथाची परवानगी लागत नव्हती. तिने दिली नाही आणि नाकारलीही नाही. मी मात्र त्याला घरात घेतलं, मक्याचा पाव खाऊ घातला, ट्रंकेतले फोटो दिले, आणि कोणत्या गाण्यात ओझेला खोकली तेसुद्धा वाजवून दाखवलं.

मार्चमध्ये त्याने अल्बमच्या पुस्तिकेचा नमुना पाठवला. मी भिंग घेऊन बसले. प्रत्येक गाण्याखाली ड्रम कोण, ऑर्गन कोण, सगळं व्यवस्थित. आणि शेवटी एक ओळ: सोबतचे आवाज, माहीत नाही. बावीस वेळा. अंगाचा नुसता तिळपापड झाला. माझा पाव चापून खाताना सगळं माहीत होतं की याला!

फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोलले. तो बिचारा ऐकून घेत राहिला. मग म्हणाला, सेंट लुईसची एक बाई सांगतेय की ती गायली होती. कागद एकही नाही, मालक गेले, वादक गेले. तुमचा शब्द आणि तिचा शब्द, मी कुणाचा धरू? मिस मार्बरींनी एकदा सांगितलं तरी पुरे. वीस तारखेला छपाई.

एकदा सांगितलं तरी पुरे! कपाळ माझं. तेवढंच तर होणार नव्हतं.

त्याचं असं झालं. एकाहत्तर साली क्लिओथा जॉर्जियात कार्यक्रम करत फिरत होती, आणि इकडे तिचा दहा महिन्यांचा रॉस्को तापाने फणफणला. तीन दिवस डोळे उघडेना. डॉक्टरांनी हात टेकले. ती रात्रभर बस बदलत आली, आणि स्टेशनवरून दवाखान्यात न जाता आधी आमच्या माउंट पिस्गा चर्चमध्ये गेली. बुधवारची प्रार्थना चालू होती. सगळ्या मंडळींसमोर उभी राहून तिने देवाला शब्द दिला, माझं पोर मला दे, यापुढे फक्त तुझी भजनं गाईन, ती रेकॉर्डवरची गाणी पुन्हा माझ्या तोंडून निघणार नाहीत, त्यांचं नावही निघणार नाही. पहाटे रॉस्कोने डोळे उघडले आणि दूध मागितलं.

तेव्हापासून अठ्ठेचाळीस वर्षं तिच्या तोंडाला कुलूप. रेडिओवर तिचंच गाणं लागलं तर ती खोलीबाहेर जाते. आज ती आमच्या चर्चची मदर मार्बरी आहे, म्हणजे सगळ्यांत मानाची म्हातारी, महिन्याच्या पहिल्या रविवारी पांढरी टोपी घालून पुढच्या बाकावर बसते. रॉस्को सिटी बस चालवतो, ढेरी सुटलीय, आणि गुडघे सोडले तर प्रकृती घोड्यासारखी.

मला वाटलं, जेवायला बोलावू. चार माणसांत नाही, माझ्या स्वयंपाकघरात. हळूच एक वाक्य बोलली तर देव काय वही घेऊन बसलाय? मी हॅम केलं, पालेभाजी केली, तिला आवडतो तसा लोणी घालून केक केला. नीलला समोर बसवलं. क्लिओथाने दोन घासांतच ओळखलं. त्याने अगदी अदबीने विचारलं, त्या गाण्यांत मागे कोण गायलं ते आठवतं का? तिने रुमालाने ओठ पुसले आणि म्हणाली, केक छान झालाय, व्हर्लीन. बस्स. वर आणखी एक तुकडा मागून घेतला.

तो गेल्यावर मी तिला पुढच्या व्हरांड्यात गाठलं.

"माझं सोड," मी म्हटलं. "मी अजून चालती-बोलती आहे, कुणी विचारलं तर सांगेन. ओझेला कबरीतून कुठून सांगणार? तिला ना मूल ना बाळ. तिचं या जगात जे काही उरलंय ते त्या बावीस गाण्यांत आहे, आणि तिथे लिहिलंय, माहीत नाही."

"मला माहितीय गं."

"मग सांग ना त्याला. आत्ता फोन लावते. कुणाला कळणार आहे?"

"सगळ्यांसमोर दिलेला शब्द तुझ्या स्वयंपाकघरात मोडू? चोरासारखा?"

"अगं, एवढंसं पोर होतं तेव्हा! आता त्याला गुडघेदुखी आहे. तू काय समजतेस, तू एक वाक्य बोललीस की देव त्याला उचलून नेईल?"

हे मी बोलायला नको होतं. तिने काठी दोन्ही हातांनी घट्ट धरली. पण माघार घेणं माझ्या स्वभावात नाही. मी आणखी बोलले. म्हटलं, पाच वर्षं आम्ही तुझ्या पाठीकडे बघत उभ्या राहिलो, आणि तू अजूनही वळून बघत नाहीस. ती काठी टेकत गाडीपर्यंत गेली आणि तिने दारही आपटलं नाही. आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

दोन आठवडे फोन नाही. साठ वर्षांत आम्ही दोन दिवस न बोलता राहिलो नव्हतो. चर्चमध्ये ती पुढे, मी दाराजवळच्या बाकावर, आणि मधे सगळ्या बायकांच्या टोप्या. मी दोनदा फोन उचलला आणि दोनदा ठेवला. आधी तिने करावा, एवढंच माझं म्हणणं होतं. म्हातारपणी माणसाला अक्कल येते म्हणतात, मी अजून वाट बघतेय.

सतरा तारखेला तिचा फोन आला. नमस्कार नाही, काही नाही. "तुझ्या त्या शिकागोवाल्याला रविवारी चर्चमध्ये बोलाव," म्हणाली आणि ठेवून दिला. छपाई वीसला, म्हणजे सोमवारी. नील शनिवारीच येऊन थांबला.

आमच्याकडे प्रवचनाआधी साक्ष देतात. ज्याला काही सांगायचं असेल त्याने उभं राहायचं. कुणाचं ऑपरेशन नीट झालं, कुणाच्या मुलाला नोकरी लागली. त्या रविवारी क्लिओथा उठली. तिच्या शेजारी रॉस्को बसच्या गणवेशातच उठला. त्याची पाळी दुपारची होती.

"एकाहत्तर साली मी इथेच उभी राहून देवाला शब्द दिला होता," ती म्हणाली. "तुमच्यातले चार-पाच जण तेव्हाचे आहेत. आज मी तो मोडतेय, आणि तुमच्यासमोर मोडतेय. रॉस्कोला आधी विचारलंय. तो म्हणाला, आई, बोल."

तिने रॉस्कोचा हात असा धरला होता, की त्याची बोटं पांढरी पडली होती.

"मी जी गाणी गायले, त्या सगळ्यांत माझ्या मागे व्हर्लीन टगल आणि ओझेला टगल गायल्या. दुसरं कुणी नाही. त्या नसत्या, तर मला कुणी ऐकलं नसतं."

आणि ती बसली. कुणी आमेनसुद्धा म्हटलं नाही. मला वाटलं होतं, त्या क्षणी मला केवढा आनंद होईल! पण मी रॉस्कोच्या हाताकडे बघत होते. देवा, मी मनात म्हटलं, हिने काय पणाला लावलं आणि कशासाठी? दोन नावांसाठी. मला रडू फुटलं ते थांबेना, आणि शेजारची बाई मला वारा घालायला लागली. तिला वाटलं मी खूश झालेय.

नंतर आमचे रेव्हरंड ओडम तिच्याजवळ गेले. पस्तिशीचे, चांगले आहेत, नवीन लग्न झालंय. म्हणाले, "मदर, देव एवढा कोता नाही हो. तुम्ही खरंच बोललात, त्यात काय पाप?"

"तुमच्या घरी अजून मूल आजारी पडलेलं नाही, रेव्हरंड," क्लिओथा म्हणाली.

जूनमध्ये अल्बम आला. जाड पुठ्ठा, आत पुस्तिका, आणि बावीस वेळा आमची नावं, ओझेलाचं आधी, तसं मी सांगितलं होतं. मी ती पान-पान उलटून पाहिली आणि बोटाने मोजली. एक प्रत ओझेलाच्या कबरीवर नेऊन वाचून दाखवली. तिथे उभं राहून मोठ्याने वाचताना मला लाज वाटली नाही. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? क्लिओथाला प्रत दिली तेव्हा तिने ती छातीशी धरली, पण उघडली नाही.

पण आता ती पुढच्या बाकावर बसत नाही. कुणी उठवलं नाही तिला, रेव्हरंडनी तर हात जोडले. ती माझ्या शेजारी येऊन बसते. पहिल्या रविवारी मला वाटलं, झालं गेलं विसरून मैत्रीण परत आली, आणि मी आनंदाने पर्स उचलून जागा केली. मग लक्षात आलं. पुढच्या बाकावरून दार दिसत नाही.

रॉस्कोची रविवारची पाळी आता सकाळची असते. तो पावणेबाराला सुटतो, बस डेपोत लावतो आणि चर्चला येतो. कधी बारा, कधी बारा-दहा. एकदा रस्त्यात अपघात झाला होता, दुसऱ्याच कुणाचा, तर साडेबारा झाले. तोवर क्लिओथाचा माझ्या मनगटावरचा हात सैल होत नाही. कॉयर गात असतं, मंडळी टाळ्या वाजवत असतात, ती ओठही हलवत नाही. मी पूर्वी तिला म्हणायचे, कशाला घाबरतेस, काही होत नाही. आता म्हणत नाही. आता मीही दाराकडेच बघत बसते. तो आत आला, टोपी काढून आईकडे बघून हसला, की मग आम्ही दोघी गायला लागतो.