चुकीला केक

माझी नात सिल्ये हिचं चर्चमधलं कन्फर्मेशन, म्हणजे वयात येतानाचा धर्मविधी, झालं त्या वर्षीची, २०१७ची गोष्ट. त्या निमित्ताच्या जेवणाला माझा थोरला भाऊ वेर्नर आमच्या कंपनीचं बटण गळ्यात घालून आला होता. माणूस पडला की ते दाबायचं, मदत केंद्रात घंटा वाजते. वेर्नर डेन्मार्कच्या किनाऱ्यावर, त्युबोरन गावात एकटाच राहायचा.

"हे वाजतं ना रे नक्की?" त्याने विचारलं.

"रोज दोनशे दाबून बघतो मी. वाजतं."

तेच माझं काम होतं. आधी तीस वर्षं मासेमारीच्या बोटींवर गेली. वाचायला शिकलो ते पन्नाशीत. अजूनही ओळीवर बोट ठेवून वाचतो, म्हणूनच मला ते दिसलं. बटणं चालवणाऱ्या कोडमधले बदल तपासायची यादी पडद्यावर असायची, प्रत्येक बदलापुढे 'मंजूर'. एक मंजूर केला की ती ओळ जायची आणि खालची टुणकन तिच्या जागी यायची. बोट चुकून दुसऱ्यांदा पडलं की कुणीही न वाचलेला, अर्धवट बदल मंजूर. तो थेट म्हाताऱ्यांच्या गळ्यातल्या बटणांपर्यंत जायचा.

महिन्यातून दोनदा तरी असं व्हायचं. ज्याच्या हातून झालं त्याने केक आणायचा, अशी आमच्याकडे रीत. वर कागदी झेंडे, भोवती टाळ्या.

मी कागदावर लिहून दिलं : मंजूर करण्याआधी त्या बदलाचा क्रमांक हाताने लिहायला लावा.

"एयनर, आपण इथे माणसांवर भरवसा ठेवतो," आमची साहेबीण मायब्रिट म्हणाली.

"माणसांवर ठेव गं. बोटांवर नको. यादी सरकते."

शेजारच्या टेबलावरचा तरुण येप्पे हसला. सगळ्यात जास्त केक त्याचेच. "आजोबांना वाचायला वेळ लागतो, म्हणून आम्ही पण रांगायचं होय?"

"वेळ लागतो. पण मी वाचतो."

"केक खा की मुकाट्याने!"

सगळे खिदळले. मायब्रिटने क्रीमच्या बोटांनीच माझा कागद बाजूला सारला.

नोव्हेंबरात एका सकाळी येप्पेचं बोट दोनदा पडलं. एकाच घरून दोन घंटा वाजू नयेत म्हणून कुणीतरी काम सुरू केलं होतं. ते अर्धवटच बाहेर गेलं आणि एकही घंटा वाजेना. नऊ ते बारा. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, बदल मागे घेतला, आणि येप्पे बेकरीकडे पळाला.

त्या तीन तासांत कुणाकुणाचं बटण दाबलं गेलं त्याची नोंद वाचायला मला बसवलं. मी बोट ठेवून वाचत गेलो. एक क्रमांक अकरा वेळा आला होता. तो मला पाठ होता.

मी वेर्नरला फोन लावला. शेजारणीने उचलला. वर्तमानपत्र आणायला निघालेला वेर्नर ओल्या पायरीवरून घसरला होता. तिला तो आत्ताच दिसला होता.

"तुझा तुकडा," मायब्रिट म्हणाली. बशीत झेंडा होता. मी बशी तिच्या हातात परत दिली आणि कोट उचलून बाहेर पडलो.

क्रमांक लिहायचा चौकोन चार दिवसांत पडद्यावर बसला. अर्ध्या दिवसाचं काम, असं येप्पेच म्हणाला. माझ्याकडे न बघता.

माझा भाऊ वेर्नर गुरुवार, ९ नोव्हेंबर २०१७ रोजी, त्युबोरनला स्वतःच्या दाराशी वारला. वय एकोणऐंशी.