कूलरचा किस्सा

दरवर्षी जानेवारीत गेमिंगवाल्या पोरांचा मेळावा भरतो आणि दरवर्षी मला बोलावतात. विषय ठरलेला, नागपुरातले जुने व्हिडिओ गेम. यंदाची नववी खेप. भाषण इतकं पाठ झालंय की बोलता बोलता मी मनात घरी न्यायच्या भाजीचा विचार करतो. खरं सांगायचं तर आता जिवावर येतं.

पोरं येतात ती एका किश्शासाठी. चौऱ्याण्णव साली लकडगंजात पाच मशीनचं एक पार्लर होतं. मी कॉलेज करून काउंटरवर बसायचो. कुही गावचे महादेवराव मशीन दुरुस्त करायचे. मे महिन्यात मशीन तापून बंद पडायला लागली, तेव्हा महादेवरावांनी मागची फळी उघडून थेट कूलर लावला, पंपाच्या पाण्यासकट. पंधरा दिवसांत आतली सर्किटं गंजून हिरवी पडली. "उष्माघातातून वाचली, न्यूमोनियानं गेली," एवढं म्हटलं की पोरं हॉल डोक्यावर घेतात.

कूलर मी लावला होता. महादेवराव लग्नासाठी गावी गेले होते. जाताना फळीची किल्ली माझ्याकडे देऊन, नुसता पंखा लाव, पाणी नको, असं बजावूनही गेले होते. ते परतले तेव्हा मालकानं दोघांना उभं केलं. महादेवराव माझ्याकडे बघत राहिले. मी ब्र काढला नाही. खापर त्यांच्यावर फुटलं आणि काम गेलं. मला लाज याची वाटते की किस्सा रंगवता रंगवता मीच तो खरा मानायला लागलो होतो.

यंदा भाषणाआधी एक म्हातारे समोर आले. एका डोळ्यावर पट्टी, सोबत कॉलेजातली नात. आवाजावरून ओळखलं.

"धंतोलीत डोळा दाखवाले आलो होतो, उन्मेष," महादेवराव म्हणाले. "या नातीनं, भूमिकानं, मोबाईलवर तुझं भाषण दाखवलं. माझं नाव घेऊन राहिला तू. म्हटलं, जाऊन पाहू."

ते पहिल्या रांगेत बसले. मी भाषण सुरू केलं. अर्ध्या तासानं पोरं "कूलर, कूलर" ओरडायला लागली.

"कूलर महादेवरावांनी नाही लावला," मी म्हणालो. "मी लावला."

हॉल आजवर हसला नव्हता इतका हसला. पोरांना वाटलं, सरांनी यंदा शेवट बदलला. खरंच सांगतोय म्हटलं, तर टाळ्या पडल्या. इतका थकलो की खुर्ची ओढून बसलो.

मग प्रश्न विचारायची वेळ आली. भूमिकानं माइक मागितला.

"सर, कूलर तुम्ही लावला, तर मग आजोबाले काहून काढलं?"

"मी गप्प बसलो म्हणून," मी म्हणालो.

हसू हळूहळू विरलं. महादेवरावांनी नातीच्या हातातला माइक घेतला आणि तोंडापासून बराच लांब धरला.

"मले तेव्हाच समजलं होतं, गा," ते म्हणाले. "वाटलं, पोरगा घाबरला, मालकाले सांगून मले बोलवाले येईन. तुझी वाट पाहत आठ दिवस मी इथली खोली सोडली नाही."