अर्ध्या मिनिटाची शांतता

चौथा भाग संपायला वीस सेकंद उरली होती आणि मी सोफ्यावर आईशेजारी पाय वर घेऊन आरामात बसले होते. मालिका धाकट्याची. धाकटा म्हणजे माझा भाऊ. चाळिशी गाठली तरी घरात तो धाकटाच. माहितीपटाची मालिका, सहा भागांची, आणि विषय आमचे बाबा. एकतीस वर्षांपूर्वी एका मंगळवारी सकाळी शिलाई मशीन दुरुस्तीची पिशवी खांद्याला लावून ते घरातून निघाले, ते परत आलेच नाहीत.

पडद्यावर धाकट्याचा आवाज आला, "बाबा त्या दिवशी कायमचे चाललेत, हे घरात कुणाला माहीत होतं का?"

आणि माझा चेहरा. पडदाभर. मी काही बोलत नाही. आवंढा गिळते, नजर खाली नेते, मग हळूच दाराकडे बघते. अकरा सेकंद. मी मोजले, कारण सेकंद मोजण्यावरच माझं पोट चालतं. मग काळोख झाला आणि नावं वर सरकायला लागली.

आईने टीव्ही बंद केला. चहाचे दोन कप उचलले आणि स्वयंपाकघरात गेली.

"आई, अगं ते..."

"कप विसळते," ती आतूनच म्हणाली. दोन कप विसळायला तिला पाव तास लागला. बाहेर आली तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाली, "उशीर होईल तुला, नीघ आता." साडेनऊही वाजले नव्हते.

त्या मंगळवारी आई सहाच्या पाळीला हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात गेली होती. नऊ वर्षांचा धाकटा तापाने फणफणला होता, तो झोपलेला. बाबांना पिशवी मी दिली. मी सतराची होते. ते "येतो" म्हणाले, रोज म्हणायचे तसं. आठवड्याने आईने मला एकदाच विचारलं, "तुला काही बोलले का गं?" मी म्हटलं, नाही. त्यानंतर एकतीस वर्षांत तिने तो प्रश्न पुन्हा काढला नाही. नातेवाइकांनी काढला, शेजाऱ्यांनी काढला, आईने नाही. माझ्या शब्दावर विसंबून तिने त्या प्रश्नावर कायमचा पडदा टाकला होता, आणि माझ्या आयुष्यात मला एवढं मोठं काही कुणी दिलेलं नाही.

तो पडदा धाकट्याने अकरा सेकंदांत ओढून काढला. आणि कसा काढला, हे मला त्या अकरातल्या दुसऱ्याच सेकंदाला कळलं होतं. कारण ती युक्ती माझी.

आमच्या धंद्यात मुलाखत संपली की साउंडवाला म्हणतो, आता अर्धा मिनिट कुणी हलायचं नाही, बोलायचं नाही, खोलीचा आवाज घ्यायचाय. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. कुठे पंखा, कुठे नळ, कुठे रस्ता. ती शांतता ध्वनिमुद्रित करून ठेवावी लागते, नाहीतर पुढे दोन वाक्यं जोडली की मधे भोक पडल्यासारखं ऐकू येतं. त्या अर्ध्या मिनिटात माणसं पुतळ्यासारखी बसतात. काय करावं ते न सुचून आवंढा गिळतात, जमिनीकडे बघतात, संपलं का म्हणून दाराकडे बघतात. बहुतेक कॅमेरावाले तेव्हा कॅमेरा बंद करतात. मी त्यांना सांगायची, बंद करू नका. तो चेहरा कुठल्याही प्रश्नापुढे लावा, चपखल बसतो. मेलेल्या नवऱ्याबद्दल विचारा, दुःखी दिसतो. चोरीबद्दल विचारा, चोर दिसतो. बघणारा स्वतःच्या पदरचं घालतो, आपल्याला फक्त जागा करून द्यायची. धाकटा माझ्या हाताखाली चार वर्षं होता. त्याला हे मीच शिकवलं, आणि शिकवताना मला माझी फार मोठी हुशारी वाटत होती.

मी वीस वर्षं एडिटिंग केलं, पण या मालिकेचं मला करू दिलं नाही. "ताई, तू त्यात आहेस, तुला ते झेपायचं नाही," धाकटा लाडात म्हणाला होता. मला भरून आलं होतं तेव्हा. म्हटलं, किती काळजी माझी!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या ऑफिसात गेले. लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर तीन खोल्या, भिंतींना काळं फोम, खिडक्यांवर जाड पडदे. तो नाश्ता करत होता. मला बघून जराही दचकला नाही, उलट खुर्ची पुढे ओढली.

"बघितलास ना? काय शेवट झालाय! फोन थांबत नाहीयेत."

"तो खोलीच्या आवाजाचा शॉट आहे," मी म्हटलं. "तू प्रश्न विचारलास तेव्हा मी उत्तर दिलं होतं. 'नाही' म्हटलं होतं."

"दिलं होतंस ना. आहे की ते. पाचव्या भागाच्या सुरुवातीलाच लावायचंय. ताई, एक आठवड्याचा तर प्रश्न आहे. माणसं परत यायला नकोत का?"

"आईने बघितलं."

"मग? पुढच्या गुरुवारी आईच बघेल." तो हात पुसत म्हणाला, "आणि मी खोटं काय दाखवलं? तू तिथे गप्पच बसली होतीस की."

माझ्या पायाखालची वाळू सरकली, ती त्याच्या उद्धटपणामुळे नाही. ते वाक्य माझं होतं. सात वर्षांपूर्वी आम्ही एका पोहण्याच्या तलावावर फिल्म केली होती. एक मुलगी बुडाली होती. तलावावरच्या जीवरक्षकाला विचारलं, तुम्ही जागेवर होतात का? तो म्हणाला, होतो. पण म्हणताना नाक खाजवलं. पडद्यावर ते खोटं वाटत होतं, म्हणून मी उत्तर काढलं आणि तिथे त्याचं अर्धं मिनिट लावलं. नंतर तो आमच्या ऑफिसचे जिने चढून आला. म्हणाला, "मॅडम, मी होतो म्हणून सांगितलं होतं. आता माझी बायकोसुद्धा विचारते." मी त्याला पाणी दिलं आणि म्हटलं, "आम्ही काही खोटं दाखवलं नाही हो. तुम्ही तिथे गप्पच बसला होतात." धाकटा तेव्हा माझ्या मागेच उभा होता.

तरीही मला राग यायचा तो आलाच. तो जीवरक्षक माझा कुणी नव्हता. याला मी शाळेत नेऊन सोडलंय, याच्या फीसाठी मी कॉलेज अर्धवट टाकलंय. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि वर खाता खाता.

"त्या शॉटचं मूळ रेकॉर्डिंग दे मला," मी म्हटलं.

"घे ना. लपवायचं काय त्यात?" त्याने लगेच पेनड्राइव्हवर घालून दिलं. साळसूद कुठला.

मी तशीच आईकडे गेले. स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप ठेवला आणि तिला बसवलं. तिने चष्मा पुसून लावला. पडद्यावर मी बसलेली. आमचा साउंडवाला, ज्याला आम्ही सगळे कानसेन म्हणतो, त्याचा आवाज आला, "झालं. आता अर्धा मिनिट कुणी हलू नका, खोलीचा आवाज घेतो." मग मी गप्प. आवंढा. जमीन. दार. मग कानसेन म्हणाला, "ओके," आणि मी चहा मागितला.

"बघितलंस?" मी म्हटलं. "मला कुणी काही विचारलंच नव्हतं. त्याने प्रश्न नंतर आणून चिकटवला."

आईने चष्मा काढला. "आणि हे तू चिकटवलं नाहीस कशावरून?"

"आई!"

"ओरडू नकोस. तूच सांगायचीस ना मला? मी मालिका बघत बसले की शेजारी बसून मेलं सगळं उसवायचीस. तो तिच्याकडे बघतच नाहीये, तो दिव्याच्या स्टँडकडे बघतोय. ती रडतेय ते दुसऱ्या दिवशीचं आहे. हे तिकडून आणलं, ते इकडून जोडलं. आता हा म्हणतो माझं खरं, तू म्हणतेस तुझं खरं. दोघं एकाच धंद्यातले. मी कुणाचं धरू?"

मी लॅपटॉप बंद केला. "ठीक आहे. मग यंत्र नको. मी समोर बसलेय. मला माहीत नव्हतं. बाबा रोजच्यासारखे 'येतो' म्हणाले आणि गेले."

आई माझ्याकडे बघत राहिली. मीही बघत राहिले. फ्रीज घरघरत होता, खाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं. माझ्या घशाला कोरड पडली आणि मी आवंढा गिळला. तिची नजर सहन होईना म्हणून मी टेबलाकडे बघितलं.

"हाच," आई हळू आवाजात म्हणाली. "हाच चेहरा होता तिकडे."

मी लॅपटॉप पिशवीत टाकला.

"राहू दे," ती उठली. "पुढच्या गुरुवारी आहे ना उरलेलं? ते बघू दे मला."

घरी जाताना मी रस्त्यात दोनदा थांबले. पोटच्या पोरीने समोर बसून सांगितलेलं पुरेना, आणि पोराने पडद्यावर काय लावलंय त्याची वाट बघायची! आईचा राग आला, मग वाटलं, तिने तरी काय करावं? एकतीस वर्षं तिच्यापाशी नवऱ्याचं काहीच नव्हतं. एक चिठ्ठी नाही, निरोप नाही. धाकट्याने पहिल्यांदा त्या रिकाम्या जागेला सुरुवात, मध्य आणि शेवट दिला होता. त्यात मी बसत होते, गुन्हेगार म्हणून का होईना.

सोमवारी मी धाकट्याला फोन केला आणि म्हटलं, "पाचव्या भागाची सुरुवात मला बघायचीय."

"ये की. तूच बस टेबलावर. बाकी भाग झालाय, सुरुवात तुझी." तो एकदम खूश होता. मला उमगलं, त्याला हेच हवं होतं.

मी बसले आणि माझं खरं उत्तर लावून बघितलं. "नाही रे बाबा, मला कुठून माहीत असणार!" मी म्हणते, आणि हसते. चक्क हसते. मला आठवलं, त्याच क्षणी कानसेनचा पाय वायरीत अडकून माइकचा दांडा त्याच्याच डोक्यावर आपटला होता. पण चौकटीत कानसेन नव्हता. चौकटीत एक बाई होती, जी बाप गेल्याची गोष्ट विचारल्यावर हसत होती. मी ते चार वेळा बघितलं. चौथ्या वेळी माझाच माझ्यावर विश्वास बसेना.

"हे लावलं तर मेले मी," मी म्हटलं.

"म्हणूनच मागच्या भागात नाही लावलं," धाकटा म्हणाला. "तुला काय वाटलं, मी तुझा वैरी आहे?"

त्याचं खरं होतं की सारवासारव होती, मला आजही सांगता येणार नाही. मी शोधायला लागले. सात तासांचं रेकॉर्डिंग होतं. दुपारी तीनच्या सुमाराला सापडलं. मी आईबद्दल बोलत होते, बाबा गेल्यावर तिने दोन वर्षं रात्री दाराला कडी लावली नाही ते सांगत होते. सांगता सांगता माझे डोळे भरले. धाकट्याने विचारलं, "ताई, थांबवू का?" मी सरळ कॅमेऱ्यात बघितलं, श्वास घेतला आणि म्हटलं, "नाही."

काय "नाही" होतं ते! ओलं, सरळ, पोटातून आलेलं. मी ते उचललं आणि त्याच्या प्रश्नापुढे ठेवलं. घरात कुणाला माहीत होतं का? भरलेले डोळे. श्वास. नाही. खालून त्या खोलीच्या शांततेची पट्टी घातली. जोड कुठेच ऐकू येईना.

धाकट्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "हात अजून तसाच आहे तुझा," तो म्हणाला. मी त्याचा हात झटकला, पण शॉट तिथेच ठेवला. उठताना मला त्या जीवरक्षकाचं नाक आठवलं, उगाच खाजवलेलं.

गुरुवारी मी आईकडे गेले नाही. आठ वाजून पाच मिनिटांनी फोन वाजला. ती रडत होती. लहानपणापासून मी तिला रडताना फार कमी बघितलंय. ती धुलाईखात्यातून यायची तीच कोरडी ठणठणीत.

"चुकलं गं माझं," ती म्हणाली. "भलतंच मनात आणलं मी. तू 'नाही' म्हणालीस ना आत्ता, तेव्हा काळजात चर्र झालं. माझी पोर खरं बोलतेय, आणि मी काय धरून बसले होते!"

"आई, मी तुझ्यासमोर बसून हेच सांगितलं होतं. तुझ्याच टेबलाशी."

"सांगितलं होतंस," ती नाक ओढत म्हणाली. "पण आज दिसलं ना."

ते "नाही" कुठल्या प्रश्नाचं होतं, हे सांगायला मी तोंड उघडलं. मग मनात आलं, हे काढून घेतलं तर तिच्याकडे माझं काय उरेल? हसणारी बाई, नाहीतर आवंढा गिळणारी बाई. मी तोंड मिटलं. तिच्या घरातला फ्रीज मला फोनवरून ऐकू येत होता.

"काय झालं?" आईने विचारलं. "अशी गप्प का झालीस?"