रेघा दाखवणारी काच

मित्रांनो, तळहाताएवढी एक जुनी काच आहे मी. वरवर पाहिलंत तर खिडकीचा तुकडा वाटेन. पण माझ्यावरच्या पातळ थरात एका निर्दोष लेन्समधून आलेल्या प्रकाशलहरींचा ठसा आहे. मला होलोग्राम म्हणतात.

माझा जन्म १९८६ सालचा, ठाण्यात खोपटच्या एसटी डेपोजवळच्या लेन्स कारखान्यातला. ठसा उमटताना काच केसभरही हलून चालत नाही. बसच्या हादऱ्यांनी माझ्या आधीच्या दोन काचा वाया गेल्या. मग तपासनीस बाबुरावांनी टेबलाखाली स्कूटरच्या फुगवलेल्या ट्यूब ठेवल्या, तेव्हा कुठे मी झाले.

नव्या लेन्समधून आलेला लाल लेसर प्रकाश माझ्यातल्या ठशाला भेटला की पडद्यावर रेघा उमटत. रेघा सरळ, तर लेन्स चांगली. वाकड्या, तर ती प्रकाशलहरी बिघडवते. "काच खोटं बोलत नाही," असं बाबुराव सगळ्यांना सांगत. मला फार अभिमान वाटे.

पुढच्या वर्षी कोळीवाड्यातली शेवंती लेन्स घासायच्या कामाला लागली. पहिले सहा महिने परीक्षेचे होते. त्यांच्या शेवटच्या आठवड्यात, सोमवारी सकाळी सगळ्यांत आधी तिच्याच तीन लेन्स तपासायला आल्या आणि लागोपाठ नापास झाल्या.

"हात बिघडला गं तुझा," बाबुराव म्हणाले. "उद्या साहेबांना सांगावं लागणार. मग घरीच बसशील."

"घरी आई मासळी विकते. एका पाटीवर दोघी कशा बसणार?" शेवंती म्हणाली. "बाबुराव, एकदा लेन्स फिरवून बघा ना."

"फिरवून? लेन्स आहे की भाकरी?"

"बाजारात गिऱ्हाइकाला संशय आला, की आई तराजूची पारडी बदलून परत तोलते. खोट वजनात की तराजूत, ते लगेच कळतं."

बाबुरावांनी हसतच लेन्स पाव फेरा फिरवली. खोट लेन्समध्ये असती, तर रेघांचा वाकही तिच्याबरोबर फिरला असता. तो जागचा हलला नाही.

खोट माझ्यात होती! हादऱ्यांनी मी हलू नये म्हणून बाबुराव दर सोमवारी माझ्या चौकटीचा स्क्रू पान्ह्याने थोडा आणखी आवळत. त्या दाबाने मी वाकले होते. मला ते जाणवत होतं, पण सांगणार कशी? माझ्यापायी एका कष्टाळू मुलीचं काम जात होतं.

त्यांनी स्क्रू सैल केला आणि मी सुटकेचा निःश्वास सोडला. तिन्ही लेन्स पुन्हा लावल्या. रेघा ताणलेल्या दोरीसारख्या सरळ!

बाबुरावांनी पान्हा खणात टाकला. मग म्हणाले, "चूक माझी गं. उद्या कामावर ये."

"येते की. आणि बाबुराव, भाकरीसुद्धा फिरवल्याशिवाय भाजत नाही."

दहा वर्षांनी संगणकाचं यंत्र आलं. मी फडताळात धूळ खात पडले, भंगारातच जायची होते. शेवंतीने मला पुसून जुन्या साडीच्या मऊ तुकड्यात गुंडाळलं आणि घरी नेलं. तिच्या कपाटात मी आता सुखात आहे.

मित्रांनो, कुणाला नापास करण्याआधी ज्याने मोजता तेही एकदा तपासून पाहा. आणि माझ्यासारखी काच कधी हाती आली, तर तिच्या चौकटीचा स्क्रू बोटांनीच लावा. पान्हा नको.