उजव्या नाकातली नथ

निमोण्याच्या पोपटरावाच्या अंगणात त्या रविवारी इतकी माणसं जमली होती, की काढलेल्या चपला झेंडूच्या वाफ्यापर्यंत पोचल्या होत्या. मधोमध पाटावर पितळी घंगाळ, घंगाळात काठोकाठ पाणी आणि पाण्यावर चक्क एक दगडाची देवी तरंगत होती. वीतभर उंचीची, काळीभोर, अंगावर शेवाळ धरलेली. नुसती तरंगत नव्हती, उभी राहून डुलत होती.

"पाषाण कधी पाण्यावर तरतो का?" दाढीवाल्या बाबाने विचारलं.

"न्हाई!" अंगण ओरडलं.

"मग हा कुणाच्या सत्तेनं तरतो?"

"तरंगाईच्या!"

"ही कुणी घडवलेली मूर्ती नव्हे! याच वाफ्यात, तीन हात खोल, आई स्वतः प्रकटली. बैठकीवर बघा, गूढ लिपी आहे. काशीच्या पंडितांना वाचता आली नाही. आणि नथ बघा, माऊली! तुमची नथ डाव्या नाकात. आईची उजव्या! का? कारण आई आरशाच्या पलीकडल्या जगातून आली आहे!"

बायकांनी हात जोडले. मी मात्र पदर तोंडावर धरला, कारण मला हसू आवरेना. बाबा बोलला त्यात तेवढं एकच वाक्य खरं होतं, आणि ते खरं आहे हे बिचाऱ्याला माहीत नव्हतं.

मी एलिझाबेथ. राहते केडगावला, पण निमोण्यात मला सगळे नुसतं 'बाई' म्हणतात. बहात्तर साली इथल्या शाळेत रुजू झाले आणि पुढे तेवीस वर्षं इथल्या पोरांना बेरीज-वजाबाकी शिकवली. पोपटराव माझ्या पहिल्या वर्गातला. तेव्हा शाळेच्या गॅदरिंगला सामान आणायला कुठले पैसे? आम्ही बिस्किटाच्या पुड्यांच्या चांदीचे मुकुट करायचो, फुटक्या कंदिलाच्या काचेचा राजवाडा करायचो. पोपट एकदा गोणपाटाची शेपूट लावून हनुमान झाला होता. शेपूट सुटली तर ती काखेत धरून त्याने उरलेली लंका जाळली. टाकलेल्या वस्तूला दुसरा जन्म देण्याचा तो नाद मला लागला तो लागलाच.

आता नात आहे, जस्मिन. तिच्याकडे छपाईचं ते नवं यंत्र आहे, वस्तूच छापून काढणारं. सोऱ्यातून कुरडई पडावी तशी त्यातून वितळलेल्या प्लास्टिकची तार पडते, थरावर थर बसतो आणि वस्तू उभी राहते. नाही राहिली तर शेवयांचा गुंता होतो. या फसलेल्या मालासाठी आमच्याकडे एक मोठा टब आहे. मोडकी खेळणीही त्यातच. अर्धवट छापलेल्या रॉकेटची आम्ही पाण्याची टाकी करतो, बाहुलीच्या पायाचा देवळाचा खांब. दौंडचे एक निवृत्त रेल्वे गार्ड घरात अख्खं जंक्शन मांडून बसलेत, त्यांचे सिग्नल आमच्या टबातले. नाटकवाल्यांना, मंडळांच्या देखाव्यांना आम्हीच सामान पुरवतो. छापायचं काम जस्मिनचं, रंगवायचं माझं. लाकडाचा भुसा, गोंद, काजळी आणि वर वार्निश मारलं, की प्लास्टिकचा दगड होतो. माझा दगड बघून गवंडीसुद्धा फसलाय.

आदल्या दिवशी नकुशीचा फोन आला. नकुशी पोपटरावाची सून, सासऱ्याला मामा म्हणणारी. चौथी मुलगी म्हणून आईबापांनी हे नाव ठेवलं, म्हणजे पुढचा मुलगाच होतो म्हणे. पुढे पाचवीही मुलगीच झाली, पण नाव काही कुणी बदललं नाही.

"बाई, तुम्ही या," ती कुजबुजत म्हणाली. "मामा कुणाचं ऐकंनात. अक्षदाच्या गोळ्या बंद केल्यात."

अक्षदा तिची अकरा वर्षांची लेक. पोरीला फिट यायच्या. शिरूरच्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आणि सात महिन्यांत एकही फिट आली नव्हती. आता हा बाबा म्हणाला, हा आजार नाही, अंगात देवीचा संचार आहे, गोळ्यांनी आई कोंडली जाते. दोन दिवस गोळी नव्हती. आणि त्या सकाळी पोरगी न्हाणीत पडली होती.

"बाबा म्हंत्यात, आई भाईर पडताना धक्का देती," नकुशी सांगत होती. "उद्या कौल लावणारेत. कौल आला तर गोळ्या कायमच्या बंद. पाकीट घोड नदीत सोडायचं."

सोबत तिने मूर्तीचा फोटो पाठवला होता. तो बघून जस्मिन ओरडली, "आजी, ही तर आपली उलटी!"

उलटी म्हणजे काय ते सांगते. एका मंडळाच्या नवरात्राच्या देखाव्यासाठी आम्ही देवी छापली होती. संगणकावर चित्र चुकून फिरलं, आरशातल्यासारखं, आणि नथ आली उजव्या नाकात. मंडळातल्या बायका म्हणाल्या, "ही कुठल्या गावची बाई?" मूर्ती टबात गेली. पुढे एक माणूस आला, नाटक कंपनी आहे म्हणाला, जुन्या देवळाच्या प्रवेशाला देवी पाहिजे. मग मी तिला दगडाचं अंग दिलं. स्टेजवर पंख्याने पडू नये म्हणून तळाशी चार बोल्ट चिकटवले, खाली बैठक म्हणून खेळण्यातल्या ट्रॅक्टरचं चाक बसवलं. त्या माणसाला तेव्हा दाढी नव्हती.

तर आम्ही दोघी जस्मिनच्या गाडीवर चौफुला, न्हावरा करत निमोण्याला पोचलो. मी येताच ओरडले असते, "ही माझी मूर्ती!" पण माणसांना मी पन्नास वर्षं ओळखते. कुणी म्हणालं असतं, आईने बाईंच्या हातून स्वतःला घडवून घेतलं. चमत्कार दुप्पट झाला असता. शिवाय तो तरंगण्या-बुडण्याचा खेळ मलाही कळत नव्हता. म्हणून मी खुर्ची मागितली आणि घंगाळाजवळ बसून बघत राहिले.

कौलाची रीत अशी. बाबा मूर्ती उचलायचा, फडक्याने पुसायचा, मुकुटाला कुंकू लावायचा, प्रश्न मोठ्याने म्हणायचा आणि मूर्ती पाण्यात सोडायचा. तरली तर होय. बुडाली तर नाही.

एकाने विचारलं, "वरच्या अंगाला बोअर घिऊ का?" देवी बुड बुड करत तळाशी गेली.

"ऐका, आईचा श्वास ऐका!" बाबा म्हणाला. "वर पाणी नाही, दगड आहे."

"तितं दगड हाय हे शेंबडं पोरगं बी सांगंल," मागून भागुबाई पुटपुटली. भागुबाई नव्वदीला टेकलेली आणि गावात तिला कुणी गप्प करू शकत नाही.

दुसऱ्याने पोराच्या लग्नाचं विचारलं. देवी तरली. तिसऱ्याने कंपनीतल्या नोकरीचं. देवी तरली. माझी नजर देवीवर नव्हती, बाबाच्या बोटांवर होती. त्याच्यापुढे दोन डब्या होत्या. बोअरच्या वेळी त्याने एकच उघडली. पुढच्या दोन्ही वेळी दोन्ही उघडल्या.

"भागुबाई, त्या बारक्या डबीत काय गं?" मी हळूच विचारलं.

"मेण. आमच्या टायमाला आधी मेणाचं बोट आन् मग कुकू. त्याबिगर टिकतंय व्हय घामानं? आता समद्या टिकल्या लावत्यात."

मेण! मी मूर्ती रंगवली होती, मला तिची सगळी भोकं ठाऊक होती. एक तळाला, काठीवर बसवायला ठेवलेलं. दुसरं मुकुटावर, कुंकू लावायच्या जागीच, थर नीट चिकटला नव्हता तिथलं. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

तेवढ्यात पोपटराव पुढे आला. अक्षदाला त्याने शेजारी बसवलं होतं. कपाळाला न्हाणीत पडल्याची सूज होती. ताटात हळद, नारळ आणि फुलांमध्ये ठेवलेलं गोळ्यांचं पाकीट. बाबाने दोन्ही डब्या उघडल्या.

"थांबा," मी म्हणाले. "कुंकू तुम्ही का लावता?"

"म्हणजे?"

"देवीला कुंकू सवाशिणीनं लावावं. पोरीची आई इथं असताना पुरुषाचा हात कशाला?"

बायकांत चुळबुळ झाली. "व्हय की," कुणीतरी म्हणालं.

बाबाने माझ्याकडे नीट पाहिलं आणि बहुधा ओळखलं. "आजीबाई, तुम्ही दुसऱ्या धर्माच्या. तुमचा हात लागला तर आई कोपेल."

"माझा हात लागायचा तेवढा लागून गेलाय," मी म्हणाले. "आणि धर्माचं म्हणाल तर आमच्याकडेही एक तेलवाले आले होते. बाटलीभर तेलात गुडघेदुखी जाणार म्हणे. गोडं तेल निघालं. मी प्रार्थना संपल्यावर त्यात भजी तळून दाखवली. मला काय दोन्हीकडचे सारखेच."

अंगण हसलं. पोपटराव मात्र चिडला. "बाई, थट्टा नका करू. नातीचा सवाल हाय."

"म्हणून तर म्हणते. उठ नकुशी."

नकुशी उठली. तिने मुकुट फडक्याने खसखसून पुसला, सवयीने मोठ्याच डबीत बोट घातलं आणि कुंकू लावलं. मेणाची डबी तिने पाहिलीही नाही. आजकाल कोण पाहतं?

"गोळ्या बंद करू का?" पोपटरावाने विचारलं.

देवी क्षणभर डुलली. मग बुड बुड बुड. तळाशी!

"न्हाई म्हन्ली!" बायका ओरडल्या. नकुशीने लेकीला जवळ ओढलं. बाबा घाईघाईने म्हणाला, "आईची इच्छा! गोळ्या चालू ठेवा!" आणि मूर्ती उचलायला वाकला.

इथे मीही थांबले असते तर पोरीच्या गोळ्या सुरू झाल्या असत्या. पण त्या देवीच्या हुकमाने, आणि पुढच्या महिन्यात देवीचा हुकूम फिरला असता तर?

"बसा हो महाराज," मी म्हणाले. "नकुशी, आता उलटा प्रश्न विचार. गोळ्या चालू ठेवू का?"

नकुशीचा चेहरा पडला. "बाई, आत्ताच तर चांगला कौल..."

"विचार. खरं असेल त्याला दोनदा विचारल्यानं काय होतंय?"

मूर्ती निथळू दिली, पुसली. पुन्हा कुंकू. "आई, गोळ्या चालू ठिवू का?"

बुड बुड बुड. तळाशी.

भागुबाई म्हणाली, "आगं बया! बंद बी नगं आन् चालू बी नगं? मंग पोरीनं अर्धी गिळायची का काय?"

"भागुबाई, आता तुझ्या टायमासारखं लाव," मी म्हणाले. "आधी मेण."

तिने मेण दाबून लावलं, वर कुंकू. "इचारू काय?"

"काहीही विचार."

"आई, मी औंदा शाळंला जाऊ का?"

देवी ऐटीत तरली. मग काय विचारता! "मी दाढी ठिवू का?" – तरली. "हा बाबा लबाड हाय का?" – तरली. त्या वेळी तर अशी डुलली, की पोपटरावालासुद्धा हसू फुटलं.

जस्मिनने पाण्याची एक रिकामी बाटली घेतली, बुडाला भोक पाडलं, झाकण घट्ट लावलं आणि घंगाळात उभी दाबली. पाणी आत शिरेना. झाकण काढलं तशी बाटली बुडबुडे सोडत भरली. "आतली हवा वरून निघाली तरच पाणी खालून शिरतं," ती म्हणाली. "मेण म्हणजे झाकण. नुसतं कुंकू म्हणजे उघडं तोंड. आईचा श्वास म्हणतात तो हा." मग तिने मूर्ती उलटी करून बैठक खरवडली. काशीच्या पंडितांना न वाचता आलेल्या लिपीखालून ट्रॅक्टरच्या टायरची नक्षी निघाली. "ही आमच्याच टबातली, आजीनं रंगवलेली," तिने सांगून टाकलं.

पोरं आधी खिदळली, मग मोठी माणसं. बाबा चपला शोधायला वळला, पण तो ढीग केवढा! त्याला सापडेपर्यंत गावच्या पोलीस पाटलाने त्याचा दंड धरून फोन लावला होता. जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे, आणि असे चमत्कार दाखवून माणसं फसवणं हा त्यात गुन्हा आहे.

पोपटराव माझ्यासमोर उभा राहिला, साठी उलटलेला माणूस, आणि मान खाली. "बाई, मूर्ती तुमची हाय हे ठाऊक व्हतं, तर आल्या आल्या का न्हाई सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू एका बाईचं ऐकून एका बाबाला सोडलं असतंस. तू माझंही ऐकायचं नव्हतं, स्वतः बघायचं होतं."

त्याने ताटातलं पाकीट उचललं, फुंकर मारून हळद उडवली आणि नातीपुढे धरलं. नकुशीने ते मध्येच काढून घेतलं.

"आधी डॉक्टरला फोन," ती म्हणाली. आवाज आता कुजबुजता नव्हता. "तीन दिस चुकल्यात. आत्ता एक द्यायची का कशी, त्यांना इचारते. आन् मामा, इथून पुढं हिच्या गोळीचं मी बघीन."

फोन लागला. ती सगळ्यांसमोर, काही न लपवता, काल सकाळचं पडणंही सांगत राहिली. डॉक्टर रागावले असावेत, कारण ती दोनदा "व्हय, चुकलं" म्हणाली. मग गोळी दिली आणि पोपटरावाने गाडी काढली, पोरीला दाखवून आणायला.

माझं सांगणं एवढंच. देवाला नमस्कार करा, मी कोण अडवणार? पण देवाच्या नावाने कुणी तुमच्या लेकराच्या औषधाला हात घातला, तर त्याला एक उलटा प्रश्न विचारा. दोन्ही प्रश्नांना एकच उत्तर आलं, तर ते उत्तर देवाचं नसतं. आणि प्रश्न विचारायचीच जिथे बंदी असेल, तिथून लेकराचा हात धरून सरळ दवाखाना गाठा.