टाचा

"आधी दुखरा हात, मग धड. रोज रोज काय सांगायचं?" शर्टाची बाही धरून उभी असलेली बायको नवऱ्याच्या कानाशी पुटपुटली.

"दोन्ही धडच आहेत," रंगारी म्हणाला आणि उजवा हात बाहीत सरकवताना त्याने ओठ घट्ट मिटले.

दवाखान्यात फिजिओथेरपीवाल्या मुलीने त्याला खुर्चीत ताठ बसवलं, खांदा शेकला, मग हात सावकाश वर न्यायला सांगून कोन मोजायची पट्टी लावली.

"वर जातोय की, काका! पण घरच्या भिंतीवर वीतभर वाढला म्हणता, तेवढा इथे दिसत नाही."

"तुमची पट्टी तिरकी असेल. माझी भिंत ओळंब्यात आहे."

मुलगी हसली. बायको पिशवीत किल्ली शोधू लागली. किल्ली तिच्या मुठीतच होती.

"आणि छताला हात कधी पोचेल?"

मुलीने पट्टी हळूच मिटली. "झिजलेला सांधा नवा होत नाही, काका. दुखणं कमी होईल, जोर येईल. छताचं... बघू पुढे."

घरचं छत अर्धं पांढरं होतं, अर्धं जुनं, पिवळट. उभ्या गावाची छतं रंगवून झाल्यावर एकदाचा स्वतःच्या घराला मुहूर्त लागला, तर मधोमध येऊन खांद्याने दगा दिला. तेव्हापासून शिडी दाराआड उभी होती. तिच्यावर टॉवेल वाळत पडायचे, पण तिचं नाव कुणी काढत नव्हतं. लेक फोनवर खांद्याची, झोपेची, औषधांची चौकशी करायची आणि छताच्या अलीकडे येऊन थांबायची. घरात दोघांनाही मान वर करायची चोरी झाली होती.

संध्याकाळी रंगारी व्यायामाला भिंतीसमोर उभा राहिला. भिंतीवरून बोटं चालवत वर न्यायची आणि जिथे पोचतील तिथे पेन्सिलीची खूण करायची, असा तो व्यायाम. बायको मागे पलंगावर शर्टाचं बटण लावत बसली होती. मागे बसणाऱ्याला जे दिसतं ते तिला रोज दिसत होतं. बोटं वर गेली, की टाचाही वर जात.

त्याच्या मनात लबाडी नव्हती. सगळा जन्म शिडीवर चवड्यांवर उभं राहून गेलेला. वरची भिंत दिसली की टाचा आपल्या आपण उचलल्या जायच्या. तिने सांगायचं म्हणून कितीदा तोंड उघडलं होतं. पण खूण करून, पेन्सिल कानावर खोचून तो असा काही वळायचा, की ती नुसतं "वा" म्हणायची.

आज तिने सुई शर्टात टोचून ठेवली. उठली, मागे जाऊन त्याच्या कमरेवर दोन्ही हात ठेवले आणि हलकेच खाली दाबलं.

"टाचा टेकवा."

टाचा टेकल्या. बोटं भिंतीवरून घसरली. कालची खूण गेली, परवाची गेली, आणखीही काही गेल्या, आणि मग एके ठिकाणी थांबली. त्याचा श्वास तिला हाताखाली जाणवत होता.

"बघा तरी," ती म्हणाली आणि वाकून तिने पार खालच्या, पुसट झालेल्या पहिल्या खुणेवर बोट ठेवलं. "इथून निघाला होतात. तेव्हा तर टाचा उचलायचंही त्राण नव्हतं."

तो बराच वेळ त्या दोन जागांमधल्या भिंतीकडे बघत राहिला. मग बोटं थांबली होती तिथे त्याने पेन्सिलीने रेघ ओढली. इतरांपेक्षा ठळक.

नंतर तो दाराआड गेला. शिडीवरचा टॉवेल उजव्या हाताने काढून खांद्यावर टाकला, शिडी खोलीच्या मधोमध आणून उघडली, आणि किती दिवसांनी मान वर केली.

"छत आता माझ्याने व्हायचं नाही," तो म्हणाला. "आजवर रंग कालवून दिलास ना? आता चढ. शिडी मी धरतो."